अंगालगतची बाजू : औरंगाबादच्या मशरू-हिमरूचा इतिहास

थंडीच्या दिवसांत डोंगर चढणाऱ्या, रानात राबणाऱ्या किंवा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या कातडीला नेमके कोणते कापड लागावे, हा प्रश्न आज क्रीडासाहित्याच्या बाजारपेठेचा समजला जातो. या बाजारपेठेत अशा कापडाच्या सदऱ्याला ‘बेस लेयर’ म्हणतात. स्वेटर, जाकीट आणि वारा अडवणारा कोट यांच्याखाली थेट अंगाला लागून राहणारा हा सर्वांत आतला थर होय. त्याने घाम टिपावा, अंगाची ऊब धरून ठेवावी, टोचू नये आणि अनेक दिवस न धुता वापरला तरी त्याला दर्प येऊ नये, अशी अपेक्षा असते व ती कितपत पुरी होते हे पाहण्यासाठी प्रयोगशाळांतून रीतसर चाचण्या घेतल्या जातात. प्रश्न मात्र या बाजारपेठेपेक्षा फार जुना आहे आणि त्याचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर औरंगाबाद शहराच्या मागांवर कित्येक पिढ्या विणले जात होते. मशरू आणि हिमरू या दोन मिश्र कापडांचे वर्णन करणाऱ्यांनी बहुधा त्यांची चमक, वेलबुट्टी आणि दरबारी थाट यांचीच नोंद केली. कापड उलटून त्याची अंगाला लागणारी बाजू पाहण्याचे कष्ट थोड्यांनीच घेतले. प्रस्तुत निबंधाचा विषय ती उलटी बाजू हा आहे. (शहराचे नाव 2023 पासून छत्रपती संभाजीनगर असे झाले असले, तरी जुन्या काळासंबंधी लिहिताना त्या त्या काळी रूढ असलेले नावच येथे योजले आहे.)

मराठवाड्याच्या थंडीचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे, कारण ती हिमालयातल्या थंडीसारखी अखंड नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात पौष-माघात पहाटेचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत आणि थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली उतरते, पण दुपारी तेच तापमान अठ्ठावीस-तीस अंशांवर जाते. हवा कोरडी असते. पहाटे कुडकुडणारा माणूस दुपारी घामाघूम होतो आणि दिवेलागणीला तोच घाम अंगावर गार पडतो. अशा हवेत जाड कापडाचा एकच थर उपयोगी पडत नाही. काढता-घालता येणारे थर लागतात आणि त्यांतला सर्वांत आतला थर दिवसभर अंगावर राहणारा असल्यामुळे त्याच्यावर सर्वाधिक ताण पडतो.

सामान्य रयतेने हा प्रश्न घोंगडी आणि बंडी यांच्या जोडीने सोडवला होता. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. धनगरांनी कातरलेल्या या लोकरीची घोंगडी सनगर विणीत आणि तिला चिंचोक्यांच्या खळीने ताठपणा आणीत. तिच्यावर पावसाचे पाणी सहजी मुरत नसे आणि रात्री तीच अंथरूण नि पांघरूण दोन्ही होई, परंतु तिचे केस इतके टोचरे, की उघड्या अंगाला ती लावून घेण्याचा प्रसंग कोणी हौसेने ओढवून घेत नसे. म्हणून तिच्या आत सुती बंडी किंवा बाराबंदी असे. बाराबंदी म्हणजे बटणांऐवजी बंदांनी आवळायचा आखूड अंगरखा. आज थंड प्रदेशांत अंगालगत वापरली जाणारी मेरिनो लोकर आणि ही दख्खनी लोकर यांत फरक मुख्यतः तंतूच्या जाडीचा आहे. मेरिनोचा तंतू साधारण वीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो आणि कातडीला लागला की वाकतो; तिसाच्या पुढचा तंतू वाकत नाही, रुततो. मराठवाड्यात लोकर अंगालगत आली नाही याला रूढीपेक्षा मेंढीची जात अधिक कारणीभूत होती.

कापडाच्या व्यापारात हा प्रदेश फार पूर्वीपासून आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या दोन बाजारपेठांचा उल्लेख असून तगरहून साधे कापड व तलम मलमल भडोच बंदराकडे जात असल्याचे त्यात म्हटले आहे. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रांत तर थंड आणि उष्ण प्रदेशांचे पोशाख शेजारी शेजारी पाहायला मिळतात. देशी स्त्रीपुरुषांच्या अंगावर बहुधा न शिवलेली तलम वस्त्रे आहेत, तर पहिल्या लेण्याच्या छतावर रंगवलेल्या इराणी धाटणीच्या परदेशी मंडळींनी लांब अंगरखे, टोप्या आणि पट्ट्यापट्ट्यांचे पायमोजे घातलेले आहेत. त्या पायमोज्यांकडे पाहताना चित्रकाराला त्यांची गंमत वाटली असावी असे म्हणण्याचा मोह होतो. इतक्या बारकाईने ते रंगवले आहेत.

मशरू-हिमरूचा उगम मात्र इतक्या मागे नेता येत नाही. 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवली तेव्हा सक्तीने आणलेल्या लोकांत विणकरही होते, राजधानी परत गेली तरी ते येथेच राहिले आणि त्यांनी हे कसब रुजवले, असे विणकरांची परंपरा सांगते. तिला तत्कालीन लेखी पुरावा फारसा नसला, तरी ती असंभाव्य नाही. याउलट मार्को पोलोला औरंगाबादेत हिमरूची शाल भेट मिळाल्याची जी कथा पर्यटकांना सांगितली जाते, ती टिकणारी नाही. पोलो 1324 मध्ये वारला, तुघलकाचे स्थलांतर त्यानंतरचे आहे, आणि खडकी नावाच्या वस्तीच्या जागी मलिक अंबरने शहर वसवले ते 1610 मध्ये. कोळ्याच्या जाळ्यासारख्या कापडाची जी स्तुती पोलोने केली आहे, ती आंध्रच्या किनाऱ्यावरील मोटुपल्लीच्या कापडाची आहे. औरंगाबादच्या कापडाला अशा उसन्या प्रशस्तिपत्राची गरजही नाही.

या धंद्याला शहरी बाजारपेठ मिळाली ती सतराव्या शतकात. दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगजेबाने 1653 मध्ये या शहरात ठाणे दिले, त्याला आपले नाव दिले आणि पुढे बादशहा झाल्यावर 1682 मध्ये तो पुन्हा येथे आला. त्यानंतरची पंचवीस वर्षे त्याचा मुक्काम दख्खनमध्येच होता. सरदार, मनसबदार, कारकून आणि त्यांचे कुटुंबकबिले यांना प्रतिष्ठेला साजेसे कापड हवे होते, पण त्यांच्यातील मुसलमान पुरुषांपुढे एक धार्मिक अडचण होती, आणि मशरूची सारी रचना त्या अडचणीतून उलगडते.

हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांची वचने व आचार यांच्या परंपरेनुसार, पुरुषांना निव्वळ रेशमाचा पोशाख वर्ज्य आहे. याला जे थोडे अपवाद सांगितले जातात त्यांत एक मोठा लक्षणीय आहे: अब्दुर्रहमान बिन औफ आणि झुबैर या दोघा सहकाऱ्यांना अंगाला खाज सुटत असल्यामुळे रेशीम वापरण्याची मुभा देण्यात आली. वस्त्राचा विचार येथे धर्मशास्त्रात असूनही कातडीपासून दूर गेलेला नाही. मिश्र कापडाविषयी हनफी पंथाच्या शास्त्रकारांनी जो निर्णय दिला तो तर विणकाम जाणणाऱ्याच्या तोंडी शोभावा असा आहे. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि धोट्याने आडवे फेकलेले धागे म्हणजे बाणा. नुसता ताणा म्हणजे कापड नव्हे, बाणा पडला की कापड होते. तेव्हा कापड कशाचे हे बाण्यावरून ठरवावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ताणा रेशमी आणि बाणा सुती असेल तर ते वस्त्र पुरुषाला चालते. उलट बाणा रेशमी असेल तर ते एरवी अप्रशस्त आणि केवळ युद्धप्रसंगी क्षम्य मानले जाते. औरंगजेबाच्या आज्ञेने जो ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी निर्णयांचा प्रचंड संग्रह तयार झाला, त्यातही पोशाखाचे स्वतंत्र प्रकरण आहे.

मशरू म्हणजे शास्त्रसंमत. त्यात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, पण त्याची खरी युक्ती विणीत आहे. साध्या विणीत प्रत्येक उभा धागा एका आडव्या धाग्यावरून आणि पुढच्याच्या खालून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन्ही धागे सारखेच दिसतात. मशरूची वीण साटीनची. तिच्यात रेशमाचा उभा धागा प्रकारानुसार चार ते सात आडवे धागे ओलांडून मग एकाच धाग्याखाली बुडी मारतो. परिणामी कापडाची सुलटी बाजू जवळजवळ सगळी रेशमाची आणि उलटी बाजू जवळजवळ सगळी सुताची होते. रेशीम अंगाला लागू नये म्हणून मशरू निघाले, असे जे सर्रास सांगितले जाते, त्यात शास्त्रार्थ नेमका नाही, कारण शास्त्रकारांची कसोटी स्पर्शाची नसून बाण्याची होती. परंतु विणकराने त्या कसोटीतून जे कापड घडवले, त्यात स्पर्शाचाही प्रश्न आपोआप सुटला: घाम टिपणारे सूत आत, धूळ झटकणारे गुळगुळीत रेशीम बाहेर. एका कापडाच्या दोन बाजूंना दोन निराळी कामे वाटून देण्याची ही कल्पना आधुनिक बेस लेयरचे निर्माते दुहेरी विणीच्या नावाने मांडतात तेव्हा ती नवी भासते.

मशरू केवळ मुसलमानांपुरते राहिले नाही. चोळी, घागरा, विजार, अंगरखा यांसाठी ते सर्व जातिधर्मांत चालत असे, आणि निव्वळ रेशमापेक्षा स्वस्त पडत असल्यामुळे धर्माची अट नसलेल्यांनाही ते परवडत असे. किनखाबासारख्या जरीच्या भारी कापडाच्या अंगरख्यांना आतून मशरूचे अस्तर लावण्याची पद्धतही होती, कारण जरीची तार अंगाला टोचते. अस्तर म्हणून मशरू वापरताना रेशमी बाजू आत ठेवली जाई की सुती, हे शिंप्यावर आणि गिऱ्हाइकावर अवलंबून असे. पहिल्या प्रकारात अंगरखा आतल्या सदऱ्यावरून अलगद सरकतो, दुसऱ्यात तोच सदऱ्याचे काम करतो.

हिमरूचा मार्ग वेगळा. किनखाबाचेच स्वस्त रूप म्हणून हे कापड ओळखले जाते. त्यात ताणा सुताचा, तर नक्षी उमटवणारा बाणा रेशमाचा असतो. बदाम, अननस, जाईची फुले, चौकटी आणि लंबवर्तुळे अशी ही नक्षी उमटवण्यासाठी खड्डामागावर ‘जाला’ बांधला जाई. म्हणजे कोणत्या फेरीला कोणते उभे धागे उचलायचे याची दोऱ्यांत गुंफून ठेवलेली यादी. जाला बांधणारा नकशाबंद वेगळा, मागाच्या वर बसून त्या दोऱ्या ओढणारा पोऱ्या वेगळा आणि धोटा फेकणारा विणकर वेगळा. रंगीत रेशमी धागा जेथे फुलासाठी लागतो तेथेच पुढे येतो आणि उरलेल्या जागेत कापडाच्या मागे सुटा लोंबत राहतो. अशा असंख्य सुट्या धाग्यांचा एक मऊ, सैल थर हिमरूच्या पाठीवर तयार होतो. सुलट्या बाजूची नक्षी जितकी दाट, तितका हा थर जाड. थंडीपासून बचाव कापडापेक्षा त्यात अडकून राहिलेली हवा करते. लोकर, कापूस भरलेली दुलई आणि पिसे भरलेले जाकीट या सर्वांचे रहस्य एकच आहे. हिमरूच्या पाठीवरचे सुटे धागे तेच काम करतात. ज्याला कापडाचा जाणकार नक्षीचा टाकाऊ भाग म्हणेल, तोच हिवाळ्यात अंगरख्याची किंमत वसूल करून देत असे.

मोगल पोशाखाच्या व्यवस्थेत या दोन कापडांची जागा कोठे होती, हे अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’वरून समजते. त्यात कापूस भरलेल्या ‘कबा’ या अंगरख्याचे आणि त्याहून रुंद, लांब व अधिक कापूस भरलेल्या ‘गदर’चे वर्णन आहे, आणि हिंदुस्थानात फरच्या कोटाची जागा गदरने घेतल्याचे म्हटले आहे. याच ग्रंथात अत्तरे व धूप यांच्या खात्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. कापूस भरलेला जड अंगरखा वारंवार धुता येत नाही, धुतला तर कापसाचे गोळे होतात. तेव्हा त्याला घामाचा वास लागू नये म्हणून दोनच उपाय उरतात, एक तर सुगंधाने वास झाकणे, नाहीतर घाम त्या अंगरख्यापर्यंत पोहोचूच न देणे. पहिल्या उपायाचा इतिहास अत्तरांच्या कौतुकामुळे पुष्कळ लिहिला गेला आहे. दुसरा उपाय म्हणजे आत घातलेले सुती वा मशरूचे, धुता येणारे वस्त्र.

म्हणूनच मशरूविषयीच्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींत एक साधी गोष्ट पुनःपुन्हा येते, ती अशी की हे कापड, विशेषतः त्याचा तलम प्रकार, धुण्याला चांगले टिकते. जॉर्ज बर्डवुडच्या 1880 मधील हिंदी कलाकारागिरीवरील ग्रंथाने मशरूचा परिचय त्यातील धार्मिक मुभेसह करून दिला आहे. धुण्याला टिकणे ही त्या काळातली सर्वांत कडक परीक्षा होती. रेशमाला रिठ्याचा सौम्य फेस चालतो, पण धोब्याच्या खारी मातीने आणि दगडावरच्या आपटणीने ते फिसकटते. सुताला दोन्ही सोसते. ज्या कापडात दोन्ही एकत्र आहेत, ते धुताना सूत आटते, रेशीम आटत नाही आणि कापडाला सुरकुत्या पडतात. हे टळावे म्हणून विणकर ताण्याची आणि बाण्याची ओढ जपत असे आणि माल मागावरून उतरल्यावर त्याची कुंदी केली जाई, म्हणजे लाकडी मोगऱ्यांनी ठोकून त्याला बसका व चमकदार केले जाई. ठेवणीचे कपडे उन्हे देऊन, कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड घालून ठेवण्याची घरोघरची रीत कसरीसाठी होती, पण उन्हामुळे कापडातली ओल आणि तिच्याबरोबर कुबट वासही जाई.

याच सुमारास युरोपात अंगालगतच्या कापडावरून मोठा वाद चालू होता आणि त्याचे पडसाद औरंगाबादच्या छावणीपर्यंत पोहोचले होते. हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचे येथे ठाणे होते. पोटाला थंडी लागल्याने पटकी होते या समजुतीने ब्रिटिश लष्करात त्या काळी पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा बांधत; उन्हाळ्यातही हा लोकरी पट्टा सोडायचा नसे. पटकीचे जंतू पाण्यातून पसरतात हे सिद्ध झाल्यावरही तो पट्टा पुढे बरीच वर्षे टिकला. जर्मनीत श्टुटगार्टच्या गुस्टाव्ह येगर या प्राणिशास्त्रज्ञाने तर अंगालगत फक्त लोकरच हवी, सूत-ताग कदापि नको, असा पंथच काढला. त्याचे सारे चिंतन गंधाभोवती फिरत होते: शरीरातून बाहेर पडणारे अपायकारक वायू लोकर जाऊ देते आणि वनस्पतिजन्य कापड साठवून ठेवते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या नावाची लोकरी कपड्यांची कंपनी लंडनमध्ये 1884 साली निघाली. येगरच्या उपपत्तीचा बराचसा भाग आज हास्यास्पद ठरतो, पण लोकरीला वास कमी लागतो हे त्याचे निरीक्षण, कारणमीमांसा चुकली असली तरी, चुकलेले नव्हते.

त्यावरचा आधुनिक पुरावा न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केला. लोकर, सूत आणि पॉलिएस्टर या तिन्हींचे विणलेले तुकडे माणसांच्या काखेत वापरले जातील अशी व्यवस्था करून, नंतर ते वास घेण्याचे प्रशिक्षण दिलेल्या परीक्षकांपुढे ठेवण्यात आले. पॉलिएस्टरला सर्वाधिक दर्प, लोकरीला सर्वांत कमी आणि सूत या दोहोंच्या मध्ये, असा क्रम लागला. विशेष म्हणजे लोकरीत जंतू कमी होते असे नाही; ते दीर्घकाळ टिकून होते, तरी वास कमी होता. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, कातडीवरचे जंतू त्यातील घटकांचे विघटन करतात तेव्हा दर्प निर्माण होतो, आणि लोकर ते दुर्गंधी रेणू आपल्या तंतूत शोषून धरते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. 2014 मध्ये बेल्जियमच्या घेंट विद्यापीठात 26 जणांना दमवणारी सायकल चालवायला लावून त्यांचे सदरे तपासले, तेव्हा पॉलिएस्टरवर मायक्रोकॉकस गटातील जंतू अधिक फोफावतात असे दिसून आले. ओलावा धरण्याच्या क्षमतेतही असाच उतरता क्रम लागतो: प्रमाणित हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 16 टक्के, रेशीम 11 टक्के, सूत 8 टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा तंतूत सामावते.

या आकड्यांवरून मशरूला दर्परोधक कापडाचे आद्य रूप ठरवण्याची घाई करू नये. त्याची अंगालगतची बाजू सुताची आहे आणि सूत घामाने चिंब झाले की वाळायला वेळ लावते व ऊब घालवते. मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात दुपारच्या उन्हात ते वाळते, पण बर्फाळ डोंगरावर हेच वैगुण्य जीवावर बेतू शकते. तेथे मशरू उलटे करून, रेशीम आत आणि सूत बाहेर, असे घातले तर अधिक शहाणपणाचे ठरेल, आणि तसे केले तरी हनफी शास्त्रकारांच्या बाण्याच्या कसोटीला बाध येत नाही. रेशमाची ही योग्यता गिर्यारोहणाच्या इतिहासातही दिसते. 1924 मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी 1999 मध्ये मृतावस्थेत सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक थर होते. त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती 2006 मध्ये गिर्यारोहक ग्रॅहम हॉयलंड याने एव्हरेस्टच्या परिसरात घालून पाहिल्या आणि त्या हलक्या व उबदार असल्याचे सांगितले. गुळगुळीत रेशमावर वरचे थर सरकत राहतात, हालचालीला अडथळा होत नाही, हाही अनुभव त्यातून मिळाला. अंगरख्याला आतून रेशमी बाजूचे अस्तर लावून घेणाऱ्या औरंगाबादच्या गिऱ्हाइकाला तो ठाऊक असला पाहिजे.

धंद्याची उतरण एका झटक्यात झाली नाही. निजामाने 1763 मध्ये राजधानी हैदराबादेस नेल्यावर दरबारी गिऱ्हाईक दूर गेले, तरी शेरवानीसाठी हिमरूची मागणी तेथून येत राहिली. 1866 मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन याने हिंदुस्थानातील कापडांचे 700 नमुने 18 खंडांत लावून त्यांचे संच तयार केले, त्यांपैकी बहुतेक ब्रिटनमधील गिरणीकेंद्रांत आणि थोडे हिंदुस्थानात ठेवले. येथल्या लोकांना काय खपेल हे तिकडच्या कारखानदारांना कळावे, हा उघड हेतू होता. 1889 मध्ये खुद्द औरंगाबादेत सूतगिरणी निघाली आणि तिच्यात सुमारे सातशे माणसे कामाला लागली. 1900 मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली, पण ते वर्ष दुष्काळाचे होते. रेल्वेने शहराला मुंबईचा माल स्वस्तात आणून दिला, त्यात यंत्रावर विणलेला, ताणणारा, डोक्यातून घालायचा गंजीफ्रॉकही होता. अंगालगतच्या कापडाच्या इतिहासात या एका वस्तूने जेवढी उलथापालथ केली तेवढी कोणत्याही दरबाराच्या स्थलांतराने केली नसेल. मशरू-बंडीची जागा तिने घेतली आणि मशरूकडे गाद्यागिर्द्यांच्या खोळी आणि लग्नाकार्यातल्या चोळ्या तेवढ्या उरल्या.

1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि शेरवानीचा दरबार संपला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर हिमरू टिकले ते वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरच्या पर्यटकांमुळे, आणि शाल हे त्याचे मुख्य रूप झाले. जाल्याची जागा जॅकार्डच्या छिद्रांच्या पत्त्यांनी घेतली, म्हणजे दोरी ओढणारा पोऱ्या गेला; रेशमाची जागा ‘आर्ट सिल्क’ने, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोजने घेतली. व्हिस्कोज ओलावा रेशमाइतकाच किंबहुना अधिक धरते, पण ओले झाल्यावर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे धुण्याला टिकण्याची जुनी ख्याती त्याच्याबरोबर गेली. चिकलठाणा आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत पुढे पॉलिएस्टरच्या फिल्मचे मोठे उत्पादन सुरू झाले. ते कापड नव्हे, पण ज्या रसायनापासून ते होते त्याचेच सूत काढले की क्रीडासाहित्याच्या दुकानातला स्वस्त बेस लेयर होतो, ज्याला ओटागोच्या परीक्षकांनी सर्वाधिक दर्पाचा ठरवले.

आज जाफर गेटच्या आसपासच्या आणि जुन्या शहरातल्या मोजक्या मागांवर हिमरू विणले जाते. मशरूचे विणकाम येथे नावापुरतेच उरले आहे. विकत घेणाऱ्याच्या हाती कापड पारखण्याचे एकच साधन राहिले आहे आणि तेही वासाचेच आहे. पदराच्या टोकाचा एखादा दोरा ओढून तो पेटवतात: रेशीम केस जळाल्यासारखे करपते आणि त्याची राख बोटांत चुरगळते, व्हिस्कोज कागदासारखे भुरकन जळते, आणि पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला कडक काळी गोळी धरते.